आधी फोटो, मग ओळंबा

लग्न लागल्यावर मुलगी पाहायला निघावं, तशी सारी गत झाली होती. नव्या घरात बुद्धवंदना झाली, खीर वाटून झाली, अर्ध्या आंबेटोला गावानं ती खाऊन तोंडं पुसली, आणि आता, ऐन मंडईच्या जत्रेच्या सकाळी, संघप्रिया बाबुलालच्या घरामागं ओळंबा धरून उभी होती. स्लॅबच्या कडेवरून सोडलेली दोरी सरळ खाली आली. भिंत काही तिच्यासोबत आली नाही. वर दोरी भिंतीला टेकलेली, आणि खाली जोत्यापाशी दोघींच्या मधून अख्खा हात जाईल एवढी फट.

"दोरी वाकडी असंल व," सत्यशीला लेकीला म्हणाली.

"आई, दोरी वाकडी नसते."

"मंग वारा असंल."

वारा नव्हता. मागची बोडी, म्हणजे गावचं ते लहानसं तळं, निपचित पडली होती. संघप्रिया नागपुरात इमारतींची तपासणी करायची नोकरी करत होती. मंडईला म्हणून काल संध्याकाळी आली आणि आल्या आल्या "घर कोनाले दाखवलं का?" असं विचारून बसली. कोणाला दाखवायचं? तिचा बाप खुशाल आणि घरमालक बाबुलाल यांनी अंगणातल्या खाटेवर बसून चहा पिता पिता सौदा केला होता. इसार दिला, इसारचिठ्ठीवर सह्या झाल्या. "दोस्ताच्या घराले का ठोकून पाहाचं?" असं खुशाल म्हणाला, आणि तेव्हा ते साऱ्यांना फार शोभून दिसलं होतं.

घाई केली ती सत्यशीलानं. खरेदी व्हायच्या आधीच, पौर्णिमेचा मुहूर्त... मुहूर्त नाही म्हणायचं, तिचं तिलाच हसू आलं होतं तेव्हा. पौर्णिमेचा दिवस चांगला म्हणून तिनं महिला मंडळ गोळा केलं, बाबुलालच्या मागच्या खोलीत तथागतांचा आणि बाबासाहेबांचा फोटो लावला, त्रिसरण-पंचशील घेतलं. सासऱ्यानं बांधलेल्या घराच्या दोन खोल्यांत, धाकट्या दिराच्या संसाराला कोपर लागू न देता तिनं सारी हयात काढली होती. स्वतःचं अंगण पाहिजे होतं तिला. ते दिसलं आणि तिचा धीर सुटला.

आता संघप्रिया आत येऊन त्याच खोलीत भिंत ठोकत होती. फोटोंच्या मागून निघालेली भेग खिडकीच्या कोपऱ्यापासून थेट स्लॅबपर्यंत गेली होती. वंदनेच्या दिवशी तिच्यावर हार होते.

"बोडीत भराव टाकून बांधलं हाय हे," संघप्रिया हळूच म्हणाली. "पाया बोडीकडं सरकून राह्यला. भिंत बाहेर कलली, आन स्लॅब तिच्यावरच टेकला हाय. ह्या खोलीत कोनी झोपाचं नाई, आई. आपण तर नाईच, पण कोनीच नाई."

एवढ्यात गिरजा चहा घेऊन आली. बाबुलालची बायको, बोलायला बसली की सांज करील, आणि हसायला लागली की पदर तोंडात कोंबील, अशी. बाबुलाल मंडईसाठी मासे धरायला मोठ्या तलावावर गेला होता.

"पाह्यलं का घर, इंजिनेरबाई?" ती कौतुकानं म्हणाली. "एक एक ईट यानं आपल्या हातानं लावली. मी गारा देत होतो."

संघप्रियानं चहा घेतला. "पाह्यलं, मावशी."

सत्यशीला बशीतला चहा फुंकत राहिली. तो केव्हाच निवला होता.

---

मंडईचा दिवस म्हणजे झाडीपट्टीत दुसरी दिवाळीच. लेकी, जावई, साडू, व्याही, सारे एकाच दिवशी टपकतात, दिवसा फिरतात, जेवतात आणि रात्री नाटकाला बसतात. सत्यशीलाच्या मागच्या अंगणात वड्यांचं तेल तापलं होतं, मटणाचं मोठं गंज चुलीवर होतं. पाहुणे दुपारच्या बसनं यायचे होते, आणि प्रत्येकाला आधीच सांगून ठेवलं होतं: जेवण झालं की नवीन घर पाहायला जाऊ.

चुलीभोवतीच मग घरच्यांची बैठक बसली. संघप्रियानं सांगितलं ते ऐकून खुशाल गप्प झाला. एसटीत सारी नोकरी ड्रायव्हर म्हणून काढलेला माणूस. पुढं रस्ता दिसेना की असा गप्प होई.

"दुरुस्ती होत नाई का?" कांदे चिरत प्रफुल्लनं विचारलं. हा खुशालचा धाकटा भाऊ.

"पाया बदलता येत नाई, काका. अर्धं घर पाडून बांधा लागंल."

"मंग पाडू! पण शब्द मागं नोका घेऊ, दादा. गाव काय म्हणंल? यायलेच घर पायजे होतं, आन यायलेच पचलं नाई. इज्जतीचा सवाल हाय."

प्रफुल्लचा जीव इज्जतीत किती आणि मोकळ्या होणाऱ्या दोन खोल्यांत किती, हे सत्यशीलाला चांगलं ठाऊक होतं. पण आज तिला त्याचंच बोलणं गोड लागत होतं. "प्रफुल्लभाऊ म्हणतात ते काई खोटं नाई," ती वडा तेलात सोडत म्हणाली.

"आई!" सून रिना ताडकन उठली. ती गडचिरोलीच्या दवाखान्यात नर्स. एरवी सासूपुढं आवाज चढवत नसे. "माह्या आयुषले मी त्या खोलीत झोपवू का? तुमाले इज्जत पायजे, मले लेकरू पायजे."

"मी का तसं म्हटलं का व?"

"मंग काय म्हटलं?"

वडा एका बाजूनं करपला.

धम्मदीपनं, तिच्या थोरल्यानं, हात वर केले. "भांडू नोका. सोपं हाय. बँकेनं कर्ज नाकारलं म्हणून सांगू. बँकेले कोन विचाराले जाते? त्याईचं मन दुखत नाई, आपली मान खाली होत नाई. इसार जाते तर जाऊ द्या. आन फोटो मी अंधार पडल्यावर पिशवीत घालून घेऊन येतो."

रिनानं मान हलवली. प्रफुल्लही म्हणाला, "हे बी जमते." इतका वेळ तीन दिशांना तोंडं असलेलं घर बघता बघता एका खोट्यापाशी गोळा झालं.

"नागोबा," खुशाल म्हणाला.

या घरात तो शब्द शिवीसारखा होता. खुशालच्या वडिलांनी तरुणपणी वडशाला एक घर ठरवलं होतं. इसार झाला, माणसं ठरली, आणि मग कोणी तरी मालकाच्या कानात यांची जात सांगितली. दुसऱ्या दिवशी मालक हात जोडून आला. म्हणे, म्हाताऱ्या आईच्या सपनात नागोबा आला, त्यानं घर विकू नोको म्हणून सांगितलं. आता देवापुढं माणसाचं काय चालते? खुशालचा बाप ते ऐकून नुसतं "हो बापा" म्हणाला. मरेपर्यंत म्हणत होता, त्यानं तोंडावर शिवी दिली असती तर मी ती विसरून गेलो असतो. तेव्हापासून घरात कोणी थाप मारली की पोरंसुद्धा म्हणायची, नागोबा आला का रे?

"तो नागोबा येगळा, बाबा," धम्मदीप चिडून म्हणाला. "आपण का कोनाची जात पाहून राह्यलो का?"

"नाई. पण हा नागोबा ज्याच्या दारात ठेवून राह्यलो, तो बाबुलाल हाय." खुशाल उठला, पायात चपला सरकवल्या. "मी सांगतो. जे हाय ते सांगतो."

बाबुलाल म्हणजे कोण, हे काय सत्यशीलाला सांगायला पाहिजे? खुशाल पहिली बस घेऊन जायचा, तेव्हा बाबुलालची माशांची टोपली कोणी गाडीत घेत नसे. वास येते म्हणत. खुशाल ती स्वतःच्या पायाशी ठेवायचा. आणि त्याच्या घरात फोटो लागले तेव्हा बाबुलालच्या आळीतली माणसं त्याच्या दारात जमली होती. "याईले काऊन आणतं इथी? दुसरं गिऱ्हाईक आणून देतो," म्हणाली. बाबुलाल भर आळीत त्यांना म्हणाला, "माहं घर हाय, माहा दोस्त हाय. ज्याले वास येत असंल त्यानं नाक धरावं." तेव्हापासून आळीत त्याचं पाणी तेवढं बंद व्हायचं राहिलं होतं. अशा माणसाला आता जाऊन सांगायचं, की तुझं घर आम्हाला नको.

खुशाल आणि धम्मदीप गेले आणि लवकरच परत आले. सत्यशीला झारा हातात घेऊनच दारात गेली.

"सांगतलं का?"

खुशाल चपला काढत राहिला, पायातून निघाल्या तरी काढत राहिला.

"बँकेचं सांगतलं," धम्मदीप म्हणाला.

"माह्या तोंडून निंगालंच नाई वो," खुशाल खाली पाहत म्हणाला. "तो हसून राह्यला होता. म्हणे, तुह्यासाठी कतला मासा राखून ठेवला, पाह्य. यानं बँकेचं काढलं, आन मी... मी मान हलवली."

सत्यशीलाला नवऱ्याचा राग यायला पाहिजे होता. आला नाही. तिला आधी हायसं वाटलं. चला, सुटलो एकदाचे! आणि त्या हायसं वाटण्याचीच मग तिला अशी लाज वाटली, की ती मुकाट्यानं पुन्हा चुलीपाशी जाऊन बसली. रोज सकाळी तोंडानं 'मुसावादा वेरमणी' म्हणायचं, खोटं बोलणार नाही म्हणून शील घ्यायचं, आणि दुपारी घरबसल्या थाप पचवायची. वा गे बाई, ती स्वतःला म्हणाली, मोठी महिला मंडळाची अध्यक्ष!

---

पाहुणे आले. पंगत बसली. नव्या घराचं कोणी विचारलं की प्रफुल्ल "ते बँकेचं जरा अडलं हाय," असं सफाईनं सांगत होता. दोनदा सांगून तिसऱ्यांदा तर त्यात साहेबाची बदलीसुद्धा घातली. पाहुणे च् च् करत होते. संघप्रिया वाढत होती, पण आईकडं पाहत नव्हती.

अशात गिरजा आली. नवं लुगडं, डोक्यावर टोपलं, टोपल्यात पानात गुंडाळलेला मासा.

सत्यशीलाला वाटलं, भांडायला आली असेल तर बरं होईल. पण गिरजा टोपलं उतरवून तिच्याजवळ टेकली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "बाई, तुमी जीवाले लावून नोका घेऊ. बँक का आपल्या बापाची हाय? यानं सांगून धाडलं, होळीपर्यंत थांबतो म्हणे. नाई जमलं तर आणखी थांबू. आमचा पोरगा अमर बोलावून राह्यला बल्लारशाले, तर त्याले सांगून टाकलं, घाई नोको करू. दुसऱ्याले देणार नाई म्हणे हा. शब्द म्हणजे शब्द."

"गिरजाबाई..."

"आन फोटोची फिकर नोका करू. तुमचे देव म्हणा, नोका म्हणू, पण आमच्या घरी आले ना? तिथी अंधार राहू द्यावा का? मी रोज दिवा लावतो. आन खोली सुनी नाई राहावं म्हणून आमी दोघं आता तिथीच झोपतो. पयले समोर झोपत होतो."

सत्यशीलाच्या हातातलं वाढणं तसंच राहिलं. "कुठी झोपता?"

"मागच्या खोलीत. फोटोच्या खालीच."

संघप्रियानं मान वर केली. मायलेकींची नजर भेटली. ती भेग, ती दोरी, तो स्लॅब, आणि त्याखाली हे दोन म्हातारे जीव तिनं लावलेल्या फोटोला सोबत म्हणून झोपलेले. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाई, उठा," ती म्हणाली. "माह्यासंग चाला."

"आता? अवो, पंगत सुरू हाय तुमची."

"वहिनी," प्रफुल्ल पलीकडून दबक्या आवाजात म्हणाला, "पाहुणे हायत."

"पाहुण्याईले तुमी वाढा. आन बँकेची गोष्ट आता बंद करा, प्रफुल्लभाऊ. साहेबाची बदली बी." मग ती नवऱ्याकडं वळली. "तुमी येता का?"

खुशाल पत्रावळ पुढ्यात घेऊन बसला होता. त्यानं एक घास खाल्ला नव्हता. तो उठला.

---

रस्त्यावर मंडई भरात होती. आकाशपाळणा, भजी, पिपाण्या, दंडार नाचाचे ढोल, नाटकाच्या गाडीवरून ओरडणारा भोंगा. त्या गर्दीतून चालता चालताच सत्यशीलानं गिरजाला सारं सांगितलं. बँक खोटी. भिंत खरी. पोरीनं सकाळीच पाहिलं, तुमचा चहा पिऊन आम्ही गप्प परत आलो. गिरजा चालत राहिली. फक्त सत्यशीलाच्या हातात असलेला आपला हात तिनं काढून घेतला.

बाबुलाल दारासमोर जाळं पसरून बसला होता. शेजारची सुकरीबाई तिच्या ओट्यावर दोन-चार पाहुण्या बायांसोबत पान लावत होती. मंडईच्या दिवशी आळीत कान किती असतात, काय सांगावं!

खुशाल पुढं झाला. "बाबुलाल, मगाशी मी खोटं बोललो."

"तुमी नाई बोलले, भाऊ. पोरगा बोलला." बाबुलालची बोटं जाळ्यातच होती. "तुमी मान हलवली."

म्हणजे त्यानं तेव्हाच ओळखलं होतं. आणि तरी बायकोला मासा देऊन पाठवलं होतं. सत्यशीलाला जागच्या जागी गडप व्हावंसं वाटलं.

खुशालनं सांगितलं. भराव, पाया, भिंत, स्लॅब. चार वाक्यं बोलायला त्याला चार वेळा थांबावं लागलं. बाबुलाल जाळ्याकडं पाहत ऐकत होता. आयुष्यभर त्यानं ज्या घराचं नाव काढलं की छाती काढली, ते घर त्याचा दोस्त त्याच्याच दारात उभा राहून मोडीत काढत होता.

"तर घेत नाई तुमी," तो शेवटी म्हणाला.

"नाई घेत."

ओट्यावरून सुकरीबाई हसली. "काय गा बाबुलाल? लय भांडत होता ना आमच्याशी? फिरवला ना शब्द त्याईनं? की तुलेच अक्कल आली?"

सत्यशीला वळली. "शब्द आमी मोडला, बाई," ती मोठ्यानं म्हणाली, ओट्यावरच्या पाहुण्यांना ऐकू जाईल एवढ्यानं. "बाबुलालभाऊनं नाई. ते होळीपर्यंत थांबणार होते. आमी मागं हटलो, आन वरून खोटं बी बोललो. इसार बी त्याईचाच हाय. कोनी काई म्हणाचं असंल ते आमाले म्हणा."

भिंतीचं तिनं काढलं नाही. तेवढं तरी घर बाबुलालचं झाकून ठेवावं, असं तिच्या मनात होतं. सुकरीबाईचं तोंड उघडंच राहिलं. पाहुण्या बायका एकमेकींकडं पाहू लागल्या.

"बोंबलू नोका, बाई," बाबुलाल म्हणाला. तो उठला, धोतराला हात पुसले आणि ओट्याकडं न पाहता म्हणाला, "माह्या घराची भिंत खचली हाय. घेणाऱ्यानं नाई घेतलं तर त्याचं काई चुकलं नाई. आयका, साऱ्याईनं आयका." मग तो सत्यशीलाकडं वळला. "पण फोटो लावाच्या आंधी पाह्यलं असतं ना बाई, एक दिवस आंधी, तर मी तुमच्यासाठी या लोकाईशी भांडलो नसतो. मले यायच्यासंग अजून जनम काढाचा हाय. तुमी गेले तुमच्या घरी."

खुशालनं नुसते हात जोडले. बाबुलालनं ते पाहिले नाहीत, की पाहून न पाहिल्यासारखं केलं.

"मी फोटो काढून नेतो," सत्यशीला म्हणाली.

"आत नोका जाऊ." बाबुलाल दारात आडवा झाला. "तुमच्या पोरीनंच सांगतलं ना, तिथी कोनी जाचं नाई."

तो स्वतः आत गेला. गिरजा त्याच्यामागं धावली. बराच वेळ आतून ओढाताणीचा आवाज येत राहिला; मग आधी खाट बाहेर आली, मग वळकटी, मग गिरजाच्या दिव्याचं ताट. सगळ्यात शेवटी बाबुलाल दोन्ही फोटो घेऊन आला. त्यानं ते खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसले, काचेवरची चुन्याची पूड नीट झटकली आणि एक सत्यशीलाच्या, एक खुशालच्या हातात दिला.

"जा आता," तो म्हणाला. "घरी पाहुणे हायत तुमच्या."

गिरजा काहीच म्हणाली नाही. ती ओसरीत वळकटी लावत होती, यांच्याकडं पाठ करून.

दोघं निघाले. रस्त्याला आता दुपटीनं गर्दी होती. महिला मंडळातल्या बाया बांगड्यांच्या दुकानापाशी उभ्या होत्या. खीर खाल्लेलं निम्मं गाव आज याच रस्त्यावर होतं. कोणी तरी विचारलं, "काऊन वो सत्यशीलाबाई, फोटो परत काऊन?" खुशालनं खांद्यावरचा शेला काढला आणि तिच्यापुढं धरला. झाकून घे, असं त्याला म्हणायचं होतं.

तिनं मान हलवली. फोटो तिनं छातीशी धरला, तोंड पुढं करून, साऱ्यांना दिसेल असा, आणि विचारणाऱ्या बाईपाशी ती थांबली.

"आमी शब्द मोडला म्हणून," ती म्हणाली, आणि पुढच्या बाईला सांगायला चालू लागली.